औंधच्या हद्दीत

बी.ए.च्या वर्गांना मी नोकरीभर आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. लूथर, शेतकऱ्यांचा उठाव, तीस वर्षांचं युद्ध, वेस्टफालियाचा तह, पुढं फ्रेंच राज्यक्रांती, असा तो विद्यापीठानं आखून दिलेला रस्ता. पदव्या मी पुण्या-कोल्हापुरात मिळवल्या. युरोप मात्र मला कळला तो कुंडलला, हायस्कुलात असताना, आणि कळवून देणारा माणूस मुंबईच्या पलीकडं कधी गेलेला नव्हता. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना खपलं नसतं. आम्ही त्यांना सर म्हणायचो, गाव मास्तर म्हणायचं, आणि माझी आजी एकटीच त्यांना ‘पोरगं’ म्हणायची. तसं का, ते पुढं येईल.

ज्यांनी कुंडल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. त्याचं जुनं नाव कुंडल रोड. तिथून थोड्याच अंतरावर डोंगराच्या कुशीत गाव. ऊस, द्राक्षं, साखर कारखाना ही आजची ओळख. डोंगरावर जैनांची दोन तीर्थं आहेत, झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ. श्रावणात तिथं यात्रेकरूंची रीघ लागते. गावातली माळकरी मंडळी आषाढात पंढरीला निघतात. आणि १९४३ ते ४६ या काळात हे गाव सातारच्या प्रतिसरकारची राजधानीच होतं. माझ्या लहानपणी पारावर बसलेल्या दर दोन म्हाताऱ्यांत एक प्रतिसरकारच्या तुफान सेनेतला असायचा. निदान तसं सांगायचा तरी.

सरांचा लूथरवरचा तास माझ्या डोळ्यांपुढं अजून जसाच्या तसा आहे. पुस्तकात दीड पान होतं. कॅथलिक चर्चमधले दोष, पापमुक्तीची पत्रकं, १५१७, पंच्याण्णव मुद्दे, संपलं. सरांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर दोन नकाशे काढले. डावीकडं जर्मनी. तिच्यात इतके तुकडे पाडले की खडू मोडला. “ह्यात तीनशेच्या घरात राज्यं. कुणी ड्यूक, कुणी बिशप, कुणी नुसतं एक शहर. वर एक बादशहा, पण त्याचं ऐकायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं.” मग उजवीकडं आमचा मुलूख. सातारा जिल्हा पांढऱ्या खडूनं, तो इंग्रजांचा. त्यात आणि त्याच्या आजूबाजूला रंगीत ठिगळं: कोल्हापूर, सांगली, मिरजेची थोरली पाती आणि धाकटी पाती, कुरुंदवाडची तशीच दोन, जत, फलटण, जमखिंडी, औंध. औंधला पिवळा रंग. औंध तरी सलग कुठं होतं? एक तुकडा औंधला, एक आटपाडीला, एक पार विजापूरच्या बाजूला गुणदाळला आणि एक आमचा कुंडलचा. चारही बाजूंनी परका मुलूख आणि मध्ये आम्ही.

“आता सांगा,” सर म्हणाले, “तासगावच्या फौजदाराला कुंडलात माणूस धरायचा असला तर काय करावं लागत होतं?”

उत्तर वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होतं, कारण ते प्रत्येकाच्या घरात सांगितलं जायचं. तासगाव इंग्रजांचं, कुंडल औंधचं. हद्द ओलांडायची तर संस्थानाला कळवा, परवानगी मागा, कागद फिरवा. तोवर माणूस डोंगर चढून पसार.

“तर लूथर हा असा औंधच्या हद्दीत राहणारा माणूस होता,” सर म्हणाले.

१५२१ साली वर्म्सच्या सभेत बादशहासमोर लूथर उभा राहिला आणि लिहिलेलं मागं घेणार नाही म्हणाला. तो बादशहाचा गुन्हेगार ठरला. परतीच्या वाटेवर त्याच्याच राजानं, सॅक्सनीच्या फ्रेडरिकनं, त्याला पळवून नेल्याचं नाटक रचलं आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. लूथरनं तिथं दाढी वाढवली, नाव बदललं आणि काही आठवड्यांत बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. गंमत अशी की हा फ्रेडरिक स्वतः जुन्या वळणाचा भाविक. संतांची हाडं, केस, वस्त्रांचे तुकडे असे हजारो पवित्र अवशेष त्यानं जमवलेले, आणि असल्याच भाबडेपणावर लूथरनं हल्ला चढवला होता. तरीही आपल्या प्रजेतला माणूस रीतसर चौकशीशिवाय परक्याच्या हाती द्यायचा नाही, एवढ्यावर तो अडून बसला.

पुढं मी रिफॉर्मेशनवर पुष्कळ वाचलं. छापखान्याचं महत्त्व, व्यापारी शहरांचा उदय, पोपच्या करांबद्दलचा राग, सगळं खरं. पण शंभर वर्षं आधी यान हुसनं बोहेमियात जवळपास हेच सांगितलं होतं आणि १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला त्याला जिवंत जाळलं. त्यालाही बादशहानं अभयपत्र दिलं होतं. ते पाळलं गेलं नाही. हुस आणि लूथर यांच्यातला फरक शोधायला लागलं की मी सरांच्या पिवळ्या ठिगळाशी येऊन थांबते.

न्यायमूर्ती रानडे यांनी ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’मध्ये आपल्या संतांची तुलना युरोपातल्या धर्मसुधारकांशी केली आहे. इतिहासकार राजवाड्यांना ती मुळीच पटली नव्हती. त्यांच्या मते संतांनी माणसं निवृत्त केली. मॅट्रिक झाल्यावर सरांनी ते रानड्यांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि वाचून काय वाटलं ते विचारलं. मला तेव्हा काही सांगता आलं नाही. आज सांगेन की रानड्यांची तुलना सुंदर आहे, पण तिच्यात एक जागा रिकामी राहते. तुकोबांना वार्टबुर्ग मिळाला नाही. जोतीरावांच्या मागं कुणी राजा उभा नव्हता. १८७३ मध्ये निघालेला सत्यशोधक समाज त्यांच्या पश्चात मंदावला आणि पुन्हा पेटला तो शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, म्हणजे एका संस्थानाच्या हद्दीत. तिथून तो आमच्या सातारा जिल्ह्यात पसरला. क्रांतिसिंह नाना पाटील त्याच मुशीतले. आणि कर्मवीर भाऊराव पाटील? कुंभोजचा हा जैन घरातला माणूस, काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडला. त्या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली.

किर्लोस्करवाडीही औंधचीच देणगी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून हलावं लागलं, तेव्हा औंधच्या राजानं त्यांना कुंडल रोडजवळचा निवडुंगाचा माळ दिला. त्या माळावर लोखंडी नांगर घडले आणि पुढं ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकंही छापली गेली. सोवळं-ओवळं, बालविवाह, विधवांचं केशवपन यांच्यावर ‘किर्लोस्कर’नं जो भडिमार केला तो आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावरून. आमच्या घरात ते मासिक वाचायला येत नसे हे वेगळं. त्यात गूळ बांधून यायचा.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे फ्रेडरिकच्या जातीचेच गृहस्थ. यमाईचे निस्सीम भक्त, कीर्तनकार, चित्रकार, आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार करण्यात आयुष्य घालवलेले. अशा माणसानं २१ जानेवारी १९३९ रोजी संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. बहात्तर गावांचं राज्य, पंचाहत्तर हजारांची वस्ती. मुलगा आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आलेले, मसुद्याला सल्ला महात्मा गांधींचा, आणि तो तडीस नेण्यामागं एक पोलिश इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन.

या फ्रीडमनवर सरांचा विलक्षण जीव होता. वॉर्सातल्या गरीब ज्यू घरात १९०१ साली जन्म. विजेच्या यंत्रांत डोकं तल्लख. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आले आणि सगळं सोडून गांधीजींकडं गेले. लोक त्यांना भारतानंद म्हणून ओळखू लागले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली, तिथं गज नाहीत, भिंत नाही. पुढं तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. ते स्वतः काही काळ कुंडलला शिकलेले. फ्रीडमन अखेरच्या काळात मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या खेतवाडीतल्या माळ्यावर बसून त्यांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणत होते.

“युरोपनं ह्या माणसाला काय शिकवलं असेल?” सर विचारायचे. औंधची घटना जानेवारीत झाली. सप्टेंबरात हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. आमच्या डोंगराखालच्या गावांत पंचायती निवडून येत होत्या आणि ज्या शहरात त्यांच्या सल्लागाराचा जन्म झाला तिथल्या ज्यूंभोवती भिंत चढत होती. हे दोन्ही एकाच फळ्यावर, एकाच तासाला. दहावीच्या परीक्षेत यातलं काहीही विचारत नाहीत, असं एका पालकानं शाळेत येऊन सांगितलं होतं. सर म्हणाले, “बरोबर आहे तुमचं,” आणि पुढच्या तासाला वेस्टफालिया सुरू केला.

आता घरचं. आमचं घर माळवदाचं. पुढं सोपा, मागं गोठा आणि गोठ्यावर लाकडी माळा. माळ्यावर कडबा. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या दिवसांत त्या कडब्यात रात्री कोण झोपायचं ते आजी विचारत नसे. किती आहेत एवढंच विचारायची, कारण पीठ त्या मानानं मळायचं. जोंधळ्याची भाकरी, लसणाची चटणी, असला तर कांदा. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा विशीतले. तुफान सेनेत त्यांचं काम निरोप पोचवण्याचं. शेणोलीला ७ जून १९४३ रोजी गाडी लुटली तेव्हा ते तिथं नव्हते. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडं चिमठाण्यात सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख लुटले गेले, त्यातही नव्हते. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, कॅप्टन भाऊ ही सगळी नावं त्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असायची, पण स्वतःबद्दल विचारलं की म्हणायचे, “म्या नुसती चिठ्ठी नेली.”

प्रतिसरकारचं कौतुक आता पुष्कळ होतं आणि ते व्हावंच. गावोगाव न्यायदान मंडळं होती. सावकारानं गिळलेल्या जमिनी परत निघाल्या, दारूच्या भट्ट्या फुटल्या, वर्षानुवर्षं कोर्टात कुजलेली भांडणं पारावर मिटली. पण तळपायावर काठ्या बसायच्या त्याही खऱ्या. खबऱ्या, गुंड, बायकांना छळणारे यांना त्या बसल्या असं सांगतात. एखादा निरपराधही त्या काठीखाली आला असेल, आणि त्याची बाजू मांडायला त्या मंडळापुढं वकील नव्हता, हे मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून डावलता येत नाही. आबांना हे बोललेलं आवडायचं नाही. सर मात्र म्हणायचे, लिही.

माझ्या आई-आबांचं लग्न १९४५ मधलं, गांधी पद्धतीचं. एका मांडवात अनेक जोडपी, गळ्यात सुताचे हार, ना हुंडा, ना वाजंत्री, ना भटजी. शाहिरांचे पोवाडे आणि मग शपथ. जी. डी. बापूंचं लग्नही असंच झालं होतं. आईचे वडील कर्ज काढून मुलगी उजवायच्या बेतात होते, ते कर्ज टळलं. पण आईला विचारलं तर ती वेगळंच सांगायची. “माज्या आंगावर नवं लुगडं नव्हतं बग. खादीचं व्हतं, जाडंभरडं. समद्या बाया बगत हुत्या. मला रडू येत हुतं आन् तुजा बा हसत हुता.”

हा किस्सा मी वर्गात एकदा सांगितला, आणि सरांनी लगेच कॅथरिना फॉन बोरा काढली. लूथरची बायको. मठातली जोगीण. लूथरचं लिखाण वाचून १५२३ मध्ये काही जोगिणींनी मठातून पळायचं ठरवलं. एक व्यापारी त्या मठाला मासळी पुरवायचा. त्याच्या गाडीतून त्या रातोरात बाहेर पडल्या. दोन वर्षांनी कॅथरिनानं लूथरशी लग्न केलं. संन्याशानं आणि जोगिणीनं संसार मांडावा, ही त्या काळात केवढी आफत! आळंदीच्या विठ्ठलपंतांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. संन्यास मोडून संसारात परतल्याचं त्यांनी काय मोल दिलं, आणि मुलांना काय भोगावं लागलं, ते आपल्याला ठाऊक आहे. विटेनबर्गला कॅथरिनानं त्या जुन्या मठात मोठा प्रपंच उभा केला. बीअर गाळली, डुकरं पाळली, शेत राखलं, विद्यार्थी जेवायला ठेवले. लूथरच्या पंक्तीतलं बोलणं शिष्यांनी टिपून ठेवलं आणि त्याचे ग्रंथ झाले. ते ताट कुणी वाढलं, याचा त्या ग्रंथांत उल्लेख येतो तो बहुधा मधेच बोलल्याबद्दलचा.

पण मला लूथरबद्दल सरांइतका राग दुसऱ्या कुणात दिसला नाही, आणि त्या रागाचं कारण होतं १५२५. जर्मनीच्या शेतकऱ्यांनी मेमिंगेन गावी बारा मागण्या लिहून काढल्या. पहिलीच मागणी अशी की आमचा धर्मगुरू आम्ही निवडणार, नालायक निघाला तर काढणार. मग वेठबिगारी नको, रान मोकळं करा, ओढ्यातली मासळी आमची. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांशी, सावकाराशी भांडणाऱ्या सत्यशोधक शेतकऱ्याच्या हाती हा कागद दिला असता तर त्यानं अंगठा उठवला असता. या मागण्या करणाऱ्यांना धीर लूथरच्याच शब्दांनी आला होता. उठाव चिघळला, किल्ले जळले, आणि लूथरनं पत्रक काढून राजांना सांगितलं की यांना कुत्र्यासारखं मारा. राजांनी त्याच्या सांगण्याची वाट पाहिली नव्हती. फ्रांकेनहाउजेनला मे महिन्यात शेतकऱ्यांची कत्तल झाली, थॉमस म्युंत्सरचं मुंडकं उडवलं. एकंदर बळी लाखाच्या आसपास असावेत, असा अंदाज करतात.

“राजानं लपवलं होतं ना त्याला,” सर म्हणाले. “त्या आसऱ्याचं बिल आलं. ते शेतकऱ्यांनी भरलं.”

या वाक्यावर मी पुढं कितीतरी तास घेतले. आमच्याकडं असं बिल आलं नाही, असं मला वाटतं. औंधच्या राजानं आपणहून सत्ता सोडली आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थानच विलीन झालं. जी. डी. बापूंसारखी माणसं स्वराज्य आल्यावरही शेतकऱ्यांच्याच बाजूनं उभी राहिली. दुष्काळ, पाणी, उसाचा दर ही त्यांची पुढची लढाई, आणि कुंडलचा कारखाना आज त्यांच्या नावानं चालतो. नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात, मग कम्युनिस्ट पक्षात गेले. इथं आमच्या लोकांनी लूथरवर मात केली, असं मी म्हणेन.

पण १९४८ चाच फेब्रुवारी आहे. गांधीजींच्या खुनाची बातमी आली आणि दक्षिण साताऱ्यात, सांगली-कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटली. किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. ज्या माळावरून सुधारणेची मासिकं निघाली तोच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. ज्याला पॅरिसमधली १५७२ ची सेंट बार्थोलोम्यूची रात्र समजून घ्यायची आहे, त्यानं आधी ती वाचावी. तिथंही शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांच्या दारावर खुणा केल्या होत्या, असं सांगतात.

तेव्हा सर सतरा-अठरा वर्षांचे. आमच्यापासून काही मैलांवरच्या खेड्यात घर, वडील कारकून, ते बाहेरगावी. दुपारी वाडा पेटला. आई आणि मुलगा उसाच्या रानातून चालत रात्री कुंडलला पोचले ते ओळखीच्या एका घराच्या शोधात. घर सापडलं नाही. आजी परसात भांडी विसळत होती. तिनं दोघांना माळ्यावर चढवलं, त्याच कडब्यात.

मागाहून पोरं आली. हातात पलिते. त्यातली दोघं-तिघं आजीच्या हातची भाकरी खाऊन त्याच माळ्यावर झोपलेली होती. आबा पुढं झाले तर आजीनं त्यांना मागं ओढलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. आबांनी मला सांगितलेले तिचे शब्द असे: “हितं कोन न्हाई. आन् आसलं तर माज्या उंबऱ्याच्या आत हाय.” पोरं थोडा वेळ घुटमळली आणि गेली. यात शौर्य किती आणि त्या पोरांना तिच्या तोंडाची भीती किती, ते सांगवत नाही. आजीच्या तोंडाला अख्खी आळी भ्यायची.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सरांनी शाळेत, घरी, कधी एका शब्दानं काढलं नाही. बार्थोलोम्यूच्या धड्याला एकदा थांबून एवढंच म्हणाले होते, “अशा रात्री कुणी दार उघडलं आणि कुणी लावून घेतलं, हे पुस्तकात नसतं. विचारत फिरावं लागतं.” मला हे कळलं ते मॅट्रिकनंतर. मी पुण्याला शिकायला जावं म्हणून सर घरी आले. मुलीला एकटीला पुण्याला धाडायचं म्हणताच आबा गप्प झाले. प्रतिसरकारात बायकांच्या हक्कांची शपथ घेतलेला माणूस स्वतःच्या मुलीच्या वेळी मात्र उंबऱ्याशी अडखळला, हेही लिहून ठेवते. आजी आतून म्हणाली, “पोरगं म्हनतंय तर धाडा.” सर गेल्यावर मी विचारलं, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पोरगं काय म्हणतेस. तेव्हा तिनं सांगितलं. “थरथरत हुतं. भाकरी हातात धरली पर तोंडात घालंना. म्या म्हनलं, खा लेकरा, पहाटं चालायचं हाय.”

पुण्यातली माझी पहिल्या वर्षाची फी सरांनी भरली. आबांनी परत करायला नेली तर घेतली नाही.

एक तात्यांचं सांगायचं राहिलं. तात्या म्हणजे माझे चुलते, आबांचे थोरले भाऊ. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आबा साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध चिठ्ठ्या पोचवत होते तेव्हा तात्या इंग्रजांच्या फौजेतून इटलीत जर्मनांशी लढत होते. आजीला दोन्ही मुलं ‘लडाईवर’. पुढं आबांना स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन सुरू झाली, तात्यांना फौजेची होतीच. एकाच घरात दोन्ही यायच्या, आणि दोघं भाऊ महिनाअखेरीला त्यावरून एकमेकांना टोमणे मारायचे. सरांनी तीस वर्षांच्या युद्धाच्या धड्याला तात्यांना वर्गात आणून बसवलं. धर्मासाठी म्हणून १६१८ ला सुरू झालेलं युद्ध. पुढं कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनला पैसे पुरवू लागला, भाडोत्री शिपाई आज या बाजूला उद्या त्या बाजूला. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहरात वीसेक हजार माणसं एका झटक्यात मेली. मुलांना कळेना की धर्माचं युद्ध तर असं कसं. तात्यांना सरांनी विचारलं, इटलीत तुम्ही कुणासाठी लढत होता?

तात्या उभे राहिले. फौजेची सवय. म्हणाले, “पगारासाठी जी.” मग जरा थांबून, “तिथली देवळं फुटल्याली. आत देवाच्या पुढ्यात बाया-पोरं झोपायची. आमच्या लंगरातनं आम्ही चपात्या द्यायचो. साहेब नको म्हनायचा, तरी द्यायचो.”

सरांनी तास तिथंच सोडला.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वह्या त्यांच्या मुलानं माझ्याकडं दिल्या आहेत. फळ्यावरचे ते दोन नकाशे त्यात रंगीत पेन्सिलींनी काढलेले आहेत, औंध पिवळं आहे, आणि खाली कुंडल, वाळवा, तासगाव भागातल्या काही घरांची यादी आहे, त्या फेब्रुवारीत ज्यांनी दार उघडलं त्यांची. आमचं घर पहिलं नाही, मधे कुठंतरी आहे. यादी अपुरी आहे हे सरांनीच वर लिहून ठेवलंय. ते विचारत फिरत होते. आता मी फिरते. ज्यांना विचारायचं ती माणसं भराभर जात आहेत. कॅप्टन भाऊही २०२२ मध्ये गेले.

म्हणून वाचकांना एक विनंती. सांगली-सातारा भागात तुमच्या घरी गांधी लग्नाचा एखादा फोटो असेल, न्यायदान मंडळाचा निवाडा लिहिलेला कागद असेल, औंध संस्थानच्या पंचायतीची पावती असेल, ट्रंकेच्या तळाशी फौजेचं पासबुक असेल, तर रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला पेन्सिलनं नावं, गाव आणि साल लिहा. आणि घरात नव्वदीची एखादी आजी असेल तर तिला विचारा, त्या साली रात्री माळ्यावर कोण झोपायचं.